डबल ग्लेझिंगच्या खिडक्यांची हँडले: तीन नमुने, एक दुकान आणि एक मिस्त्री

कोल्हापुरातील नागाळा पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेला यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटींच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या आहेत. बसवून साधारण दहा वर्षे झाली असतील. काचा, चौकटी आणि रबराच्या पट्ट्या अजून सुस्थितीत आहेत. दगा दिला तो हँडलांनी. काही सैल होऊन लोंबू लागली, काहींचा पांढरा रंग पोपडे धरून सुटला आणि दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील खिडकीचे हँडल वळिवाच्या पावसात खिडकी लावताना सासूबाईंच्या हातातच तुटून आले. त्यानंतर सगळी हँडले बदलून घेतली आणि पावसाळाभर ती वापरून पाहिली, म्हणून आता त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

निकाल आधीच सांगून टाकावा हे बरे. शाहूपुरीतील हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेले मधल्या किमतीचे हँडल पैसे वसूल करणारे आहे. ऑनलाइन मागवलेले स्वस्त हँडल घेऊ नये. किल्लीचे महाग हँडल निवडक खिडक्यांनाच लावावे. आणि हात सैल सोडून खर्च करायचाच असेल, तर तो हँडलावर न करता झडप सरळ करून देणाऱ्या मिस्त्रीवर करावा, कारण बहुतेक हँडले स्वतःच्या दोषाने कमी आणि आतल्या लॉकच्या जडपणाने जास्त तुटतात. हे शेवटचे विधान थोडे स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे आणि या लेखाचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे.

खिडक्या ज्यांनी बसवल्या त्यांच्याकडेच आधी विचारणा केली, कारण तसे करणे रीतीला धरून होते. ते मॉडेल आता बंद झाले असून हँडल सुटे मिळत नाही, संपूर्ण लॉकसेट बदलावा लागेल, असे फोनवर सांगण्यात आले. पाहणीचे बाराशे रुपये वेगळे होते आणि ते परत न मिळणारे होते. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी मोबाइलवर छायाचित्रे काढली, एकाही खिडकीचे हँडल खोलून पाहिले नाही आणि घरातील प्रत्येक खिडकीचे हँडल, गिअरबॉक्स (हँडल फिरले की लॉकची पट्टी सरकवणारा आतला भाग) आणि ती पट्टी बदलण्याचा खर्च प्रत्येकी सुमारे ३,८०० रुपये असा पाठवून दिला. ज्या खिडक्यांच्या पट्ट्या व्यवस्थित चालतात त्यांच्याही पट्ट्या का बदलायच्या, असे विचारल्यावर ‘एकदम बदललेले बरे पडते’ एवढेच उत्तर मिळाले. कोणाला बरे पडते, हे विचारण्याची गरज उरली नाही. निदान हँडलाची मापे तरी कळवा, ही विनंतीही मान्य झाली नाही. मापे ग्राहकाला देत नाहीत, असे सांगण्यात आले.

वास्तविक या मापांत लपवण्यासारखे काहीच नाही. आपल्याकडे यूपीव्हीसीच्या खिडक्या फॅब्रिकेटर, म्हणजे सुटे भाग जोडून खिडकी बनवणारा, तयार करतो. प्रोफाइल, म्हणजे चौकटीचा प्लॅस्टिकचा भाग, एका कंपनीचे, काच दुसऱ्या कंपनीची आणि हँडल, लॉक, बिजागऱ्या तिसऱ्याच कुणाच्या असतात. त्यामुळे खिडकीवर ज्या कंपनीचे नाव असते तिने हँडल बनवलेले असेलच असे नाही. दुसऱ्या बाजूने हा तोटा ग्राहकाच्या फायद्याचाही आहे. या खिडक्या आपल्याकडे आल्या त्या युरोपीय पद्धतीची मापे घेऊनच, आणि तिथे हँडलाची मुख्य मापे फार पूर्वीपासून ठरून गेलेली आहेत. बाहेर उघडणाऱ्या आणि आतून पाव फेरा देऊन लागणाऱ्या बहुतेक झडपांच्या हँडलाला दोन स्क्रू असतात, त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ४३ मिमी असते, स्क्रू एम-५ जातीचे म्हणजे ५ मिमी व्यासाचे असतात आणि हँडलाच्या पाठीमागून निघणारा चौकोनी दांडा, ज्याला दुकानात सगळे स्पिंडल म्हणतात, तो ७ मिमीचा असतो. एवढे जुळले की हँडल कोणत्या कंपनीचे आहे याने काही बिघडत नाही.

तुटलेले हँडल आम्ही टेबलावर ठेवून नीट पाहिले. बुडाशी असलेली चपटी टोपी नखाने किंवा पातळ स्क्रूड्रायव्हरने बाजूला फिरवली की खाली दोन स्क्रूंची डोकी दिसतात. ते स्क्रू काढले की हँडल स्पिंडलसह सरळ बाहेर येते आणि प्रोफाइलमध्ये तीन भोके दिसतात: दोन स्क्रूंची आणि मधले मोठे, स्पिंडलचे. त्या मधल्या भोकात डोकावले असता आत गिअरबॉक्सचा चौकोनी घर असलेला फिरता तुकडा दिसतो. हँडल फिरले की स्पिंडल फिरतो, स्पिंडलमुळे हा तुकडा फिरतो आणि तो झडपेच्या कडेला असलेली लांब पट्टी वर किंवा खाली सरकवतो. पट्टीवरची बुटकी गोल डोकी, ज्यांना मशरूम म्हणतात, चौकटीवरच्या किपरमध्ये, म्हणजे त्यांना अडकवणाऱ्या तुकड्यात, जाऊन अडकतात आणि झडप रबरावर घट्ट ओढली जाते. आमच्या हँडलाची मूठ मुळाशी, जिथे ती बुडाला मिळते तिथे तुटली होती. तुटलेली कडा राखाडी आणि गुळाच्या ढेपेच्या फोडलेल्या कडेसारखी रवाळ होती. ही हँडले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबून ओतलेली असतात. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनिअम असते. ओतकाम चांगले असेल तर हा धातू वर्षानुवर्षे टिकतो, पण आत बुडबुडे राहिले असतील आणि वर दररोज जोर लावावा लागत असेल, तर तो न वाकता एकदम तुटतो. उद्यमनगरच्या फौंड्र्यांच्या सावलीत वाढलेल्या या शहराला ओतकामातील बुडबुड्यांविषयी वेगळे काही सांगायला नको.

शाहूपुरीतील ज्या दुकानातून खरेदी केली तिथल्या वयस्कर दुकानदारांनी पहिलाच प्रश्न विचारला तो, ‘जुनं हँडल आणलंय का? नसेल तर आधी ते घेऊन या, फोटोवर मी हँडल देत नाही.’ हा आग्रह प्रथमदर्शनी त्रासदायक वाटतो, पण दुकानाविषयी विश्वास निर्माण होतो तो यामुळेच. त्यांनी जुने हँडल हातात घेतले, व्हर्निअरने स्पिंडलची बाहेर निघालेली लांबी बुडाच्या सपाट पृष्ठापासून टोकापर्यंत मोजली आणि ती कागदावर लिहून दिली: ३५ मिमी. हे माप सगळ्यांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच ऑनलाइन विक्रीच्या पानांवर बहुतेक वेळा दिलेले नसते. स्पिंडल १५, २०, ३०, ३५, ४० मिमी अशा वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. आखूड स्पिंडल गिअरबॉक्सच्या चौकोनात जेमतेम टोकावर अडकतो. हँडल आज फिरते आणि काही महिन्यांनी तो चौकोनाच्या कडा झिजवून नुसता गरगरू लागतो, म्हणजे पाचशेच्या आतल्या वस्तूने काही हजारांचा गिअरबॉक्स खाल्लेला असतो. लांब स्पिंडल तितका घातक नाही. हँडलाचे बूड प्रोफाइलला टेकत नाही म्हणून तो चूक लगेच दाखवतो, आणि करवतीने कापून टोक कानसीने साफ केले की कामही भागते. त्यामुळे नेमके माप दुकानात नसेल तर लांबाकडचे घ्यावे.

दुसरी खबरदारी हँडलाच्या बाकाची. काही हँडले सरळ असतात, काहींची मूठ डाव्या किंवा उजव्या अंगाला वळलेली असते, जेणेकरून हात चौकटीवर किंवा जाळीच्या पल्ल्यावर आपटू नये. कोणत्या हँडलाला डावे म्हणायचे आणि कोणत्याला उजवे, याबाबत सगळ्या उत्पादकांचे एकमत नाही, म्हणून ‘डावे चार, उजवे तीन’ अशी फोनवरून मागणी करणे धोक्याचे असते. दुकानदारांनी जुने हँडल नव्याशेजारी उभे धरून दाखवले आणि दोन्हींची मूठ एकाच बाजूला कलते आहे याची खात्री करून घ्यायला सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली. ॲल्युमिनिअमच्या नव्या सिस्टिम खिडक्यांच्या हँडलाला स्पिंडलऐवजी दुतोंडी काटा असतो आणि तो यूपीव्हीसीला चालत नाही, तर सरकत्या खिडक्यांची कुलपे ही पूर्णतः वेगळीच जात आहे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सरकती असल्याने तिच्यासाठी या दुकानातून काहीच घेता आले नाही, आणि ‘काहीतरी बसवून देतो’ असेही ते म्हणाले नाहीत.

तिन्ही नमुन्यांविषयी आता लिहिते. ऑनलाइन मागवलेले हँडल १८० रुपयांना पडले. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. धातू कोणता, स्पिंडल किती लांब, गंज चाचणी झाली आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यावर नव्हते. हातात घेतल्यावर ते दुकानातल्या हँडलाच्या मानाने स्पष्टच हलके लागते. मूठ आणि बूड यांच्यामध्ये बसवण्याआधीपासूनच ढिलाई होती, पाव फेऱ्याच्या दोन्ही टोकांना जो ठाशीव ‘टक्’ जाणवायला हवा तो जाणवत नव्हता आणि सोबत आलेले स्क्रू साध्या पोलादावर जस्ताचा पातळ मुलामा दिलेले होते. ते मागच्या बाजूच्या एका खिडकीला मुद्दाम लावून पाहिले. श्रावण संपण्याआधीच स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज आला आणि बुडाच्या कडेला रंगाखाली पांढरट फोड उठले. जस्ताचा धातू गंजतो तो असाच, पांढऱ्या भुकटीने. तो पोलादासारखा लाल होत नाही, म्हणून अनेकांना तो गंज वाटतच नाही, रंग खराब होता असे वाटते.

दुकानातले मधल्या किमतीचे हँडल ३९० रुपयांचे, जीएसटीचे पक्के बिल वेगळे न मागता मिळाले. यात स्टेनलेस स्टीलचे स्क्रू होते, पाव फेऱ्याच्या टोकाला स्पष्ट थांबा होता आणि खोक्यावर ईएन १६७० या युरोपीय मानकाची श्रेणी छापलेली होती. हे मानक खिडक्या-दरवाजांच्या फिटिंगला मिठाच्या फवाऱ्यात किती तास गंज लागू नये ते ठरवते: तिसऱ्या श्रेणीला ९६ तास, चौथीला २४० तास आणि पाचवीला ४८० तास. आमच्या हँडलावर चौथी श्रेणी होती. कोल्हापूर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे आहे, त्यामुळे पाचव्या श्रेणीसाठी जास्त पैसे मोजावेत असे वाटले नाही. रत्नागिरी किंवा मालवणला घर असते तर निर्णय वेगळा घेतला असता. मात्र गगनबावड्याच्या बाजूने येणारा पाऊस जेव्हा दिवसचे दिवस पश्चिमेच्या खिडक्यांवर आदळत असतो आणि घरातली भिंतसुद्धा ओलसर लागते, तेव्हा तिसऱ्या श्रेणीच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. पावसाळा संपल्यावर या हँडलांवर ना फोड, ना डाग. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. त्यांना मुठीची रुंदी जुन्यापेक्षा बरी वाटली, कारण जुनी मूठ पातळ असल्याने तळव्यात रुतत असे.

तिसरे हँडल किल्लीचे, ७६० रुपयांचे. तेही जस्ताच्याच धातूचे असते, पण मुठीत छोटे कुलूप असते आणि किल्ली फिरवल्याशिवाय मूठ हलत नाही. हे आम्ही मुलांच्या खोलीच्या आणि गॅलरीकडच्या खिडकीला लावले. तिसऱ्या मजल्यावर लहान मूल असलेल्या घरात याला पर्याय नाही, हे मान्य आहे. तरीही सगळीकडे हेच लावावे या मताची मी नाही. एकाच उत्पादकाच्या अनेक हँडलांना एकच किल्ली चालते, त्यामुळे चोरापासून संरक्षण म्हणून त्यावर विसंबता येत नाही. शिवाय घाईच्या वेळी किल्ली सापडली नाही तर खिडकी उघडतच नाही. किल्ली खिडकीजवळ पण मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगून ठेवावी लागते. कुलपाच्या भोकात गळीत हंगामातली उसाच्या चिपाडाची काजळी जाऊन बसते, हा खास आपल्याकडचा त्रास आहे. भोकावरची टोपी हरवू देऊ नये.

येथवर वाचून कोणी असे समजेल की दुकानातून ३९० रुपयांचे हँडल आणले, दोन स्क्रू पिळले आणि काम झाले. ज्या खिडक्या मोकळ्या चालत होत्या त्यांच्या बाबतीत ते खरेच तितके सोपे ठरले. पण दिवाणखान्याच्या खिडकीला नवे हँडल लावल्यावरही पहिल्याइतकाच जोर लावावा लागत होता, आणि म्हणजेच तेही काही काळाने तुटणार होते. शिवाजी उद्यमनगरात खिडक्या-दरवाजांची कामे करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावले ते यासाठी. त्यांना सगळे मामा म्हणतात.

मामांनी हँडलाकडे पाहिलेच नाही. त्यांनी झडप पूर्ण उघडली आणि उघड्या अवस्थेत हँडल फिरवून पाहिले. ते एका बोटाने फिरले. मग झडप लावून फिरवले, तेव्हा जोर लागला. ‘उघडी असताना हलकं आणि लावल्यावर जड, म्हणजे लॉक चांगलंय, झडप खाली बसलीय,’ एवढेच ते म्हणाले. ही तपासणी कोणालाही घरी करता येते आणि ती करूनच खर्चाचा अंदाज मागावा. उघड्या झडपेतही हँडल जड असेल तर गिअरबॉक्स किंवा पट्टी सुकली आहे किंवा वाकली आहे. दोन्ही अवस्थांत ते नुसतेच गरगर फिरत असेल तर स्पिंडल आखूड आहे किंवा गिअरबॉक्सचा चौकोन फुटला आहे. आम्हाला लॉकसेट बदलण्याचा जो खर्च सांगितला होता तो सांगण्यापूर्वी यांतली एकही गोष्ट कोणी पाहिली नव्हती.

झडप खाली का बसते याचे कारण दुहेरी काचेच्या वजनात आहे. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. आमच्या खिडक्यांत ५ मिमीची काच, मध्ये १२ मिमीची हवेची पोकळी आणि पुन्हा ५ मिमीची काच अशी रचना आहे. म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो. दोन फूट बाय चार फुटांच्या झडपेत नुसती काच सोळा-सतरा किलो भरते, तर तेवढ्याच झडपेत ५ मिमीची एकेरी काच असती तर तिचे वजन याच्या निम्मे असते. हे सगळे वजन एका बाजूच्या फ्रिक्शन स्टेवर, म्हणजे वरखाली असलेल्या दोन सरकत्या बिजागऱ्यांवर लोंबत असते. काच झडपेत बसवताना बिजागरीच्या बाजूला खाली आणि हँडलाच्या बाजूला वर प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकून वजन तिरपे बिजागरीवर टाकायचे असते. त्या पाचरी सरकल्या किंवा मुळातच कमी जाडीच्या घातल्या, तर झडपेचा हँडलाकडचा कोपरा हळूहळू उतरतो. मग मशरूम किपरच्या तोंडात सरळ न जाता त्याच्या कडेवर आपटतात, आणि त्यांना बळजबरीने आत ढकलण्याचे काम आपला हात हँडलाकरवी करत राहतो. उन्हाळ्याच्या दुपारी प्रोफाइल थोडे फुगते तेव्हा हा त्रास वाढतो आणि सकाळी कमी होतो. ‘कधी जड, कधी हलकी’ अशा तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

मामांनी काचेच्या आतल्या बाजूची पट्टी पातळ पत्र्याने अलगद उचकटून काढली, जुनी पाचर बाहेर काढून दाखवली, तिच्या जागी अधिक जाडीची घातली आणि झडपेचा कोपरा जागेवर आल्यावर पट्टी रबरी हातोडीने पुन्हा बसवली. बिजागरीचे स्क्रू घट्ट केले. मशरूमपैकी काही केंद्रापासून किंचित सरकलेले असतात. ॲलन कीने ते फिरवले की झडप रबरावर कमी-जास्त दाबली जाते. तो दाबही त्यांनी अर्ध्या फेऱ्याने कमी केला. त्यानंतर सासूबाईंनी खिडकी लावून पाहिली. एका हाताने लागली.

नवे हँडल बसवताना त्यांनी ड्रिल मशिनला हात लावू दिला नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. गिअरबॉक्समधील आटे मऊ धातूचे असतात, मशिनच्या जोराने ते एका झटक्यात जातात आणि मग हँडल कायमचे डुगडुगते. स्क्रू हातानेच, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे पिळत न्यायचे आणि बूड टेकले की थांबायचे. लॉकच्या पट्टीला त्यांनी शिलाई मशिनचे तेल थेंबभर लावले, रबराला मात्र सिलिकॉनचा फवारा. खनिज तेल या रबराला मानवत नाही. त्याने रबर फुगून मऊ पडते, आणि घरात जे गंज सोडवण्याचे स्प्रे असतात त्यांतही तेच तेल असते. प्रत्येक खिडकीमागे मजुरी ३५० रुपये झाली. ज्या खिडक्यांना फक्त हँडल लावायचे होते त्यांचे त्यांनी निम्मेच घेतले.

तक्रारी नाहीत असे नाही. दुकानात डाव्या बाकाची हँडले पुरेशी नव्हती आणि ती पुण्याहून येईपर्यंत बरेच थांबावे लागले. ‘परवा’ या शब्दाचा अर्थ कोल्हापुरात लवचीक आहे. जुन्या प्रोफाइलचा पांढरा रंग आता किंचित पिवळसर झाला असल्याने नवी हँडले जरा उठून दिसतात. मधल्या नमुन्याची स्क्रूवरची टोपी सैल आहे, झाडू लागला तरी फिरते. मामा वेळेवर येत नाहीत. आले की काम चोख करतात, पण त्यांच्या येण्यावर दिवसाचे नियोजन करू नये. त्यांचे बिल नसते, त्यामुळे हमीचा प्रश्नच येत नाही. तरी पाचर बदललेल्या खिडकीकडे गणपतीनंतर एकदा सहज डोकावून गेले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

हँडल बदलल्याने काय होत नाही तेही सांगायला हवे, कारण दुकानात माझ्यासमोरच एक गृहस्थ त्याच आशेने आले होते. दोन काचांच्या मध्ये धुके किंवा थेंब दिसत असतील तर तो दोष काचेच्या कडेच्या सीलचा आहे; दोन काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात, ते तृप्त झाले की ओल काचेवर दिसू लागते. त्यावर उपाय काचेचे युनिट बदलणे हाच, हँडल कितीही घट्ट ओढले तरी फरक पडत नाही. झडपेच्या कडेने येणारे पाणी, वारा आणि आवाज यांवर मात्र फरक पडतो, आणि तो स्पष्ट जाणवण्याइतका पडतो. दुहेरी काच कितीही चांगली असली तरी झडप एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उघडी राहिली असेल तर आवाज तिथून आत येतोच. विसर्जनाच्या रात्री आमच्या बाजूच्या रस्त्याने जाणाऱ्या मंडळांचा ढोल या वर्षी बंद खिडकीतून ऐकू आला, पण काच थरथरली नाही आणि सासूबाई त्यांच्या खोलीत झोपू शकल्या.

ज्यांना हे काम स्वतः करायचे आहे त्यांनी खिडकी उघडी ठेवूनच हँडल काढावे. बंद खिडकीचे हँडल तुटले असेल तर घाबरून चौकट उचकटू नये; उरलेले बूड दोन स्क्रू काढून बाजूला घ्यावे आणि जुन्या हँडलाचा स्पिंडल किंवा ७ मिमीचा चौकोनी बार भोकात घालून पकडीने फिरवावा, पट्टी सरकते आणि झडप उघडते. आम्ही उरलेल्या बजेटातून मधल्या नमुन्याची एक डावी आणि एक उजवी अशी जादा हँडले घेऊन ठेवली आहेत, स्पिंडलचे माप खोक्यावर पेनने लिहून. स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीच्या कुलपाचा शोध अद्याप चालू आहे. ती वस्तू विकणाऱ्यांपैकी अजून तरी कोणी जुने कुलूप आणायला सांगितलेले नाही.